खरी वेळ कोणती?



रेडिओवर निवेदकाने वेळ सांगितली की पुष्कळ घरांत कुणीतरी उठते आणि भिंतीवरचे घड्याळ बरोबर लावते. रेडिओची वेळ खरी आणि आपले घड्याळ चुकार, हे आपण न बोलता मान्य केलेले असते. या साध्या कृतीच्या मागे एक मोठी समजूत दडलेली आहे. कुठेतरी एक खरी वेळ आहे, ती राजा-रंकाला, डोंगराला-दरीला, उभ्या माणसाला आणि धावत्या माणसाला सारखीच वाहते, आणि आपली घड्याळे तिच्या मागे-पुढे धडपडत असतात, अशी ती समजूत. आज या समजुतीविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत. कारण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत प्रयोगांनी असे दाखवून दिले आहे की, ही समजूत रोजच्या व्यवहारापुरती ठीक असली तरी खरी नाही. वेगाने जाणाऱ्याचा काळ सावकाश चालतो, आणि उंचावर राहणाऱ्याचा काळ जरा लवकर चालतो.

तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? मुंबईची वेळ आणि रेल्वेची वेळ पूर्वी वेगळी होतीच की! होय, होती. हिंदुस्थानची प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबई शहराने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असे. पण हा फरक केवळ नावाचा. एकाच क्षणाला मुंबईकर एक नाव देई आणि स्टेशनमास्तर दुसरे. दोघांच्या घड्याळांची चाल एकच होती. एकाचा तास दुसऱ्याच्या तासाएवढाच होता. आज आपण बोलणार आहोत ते चालीतल्याच फरकाविषयी.

दुसराही एक घोटाळा आधीच बाजूला काढू. लंबकाचे घड्याळ उंच डोंगरावर नेले तर ते मागे पडू लागते. १६७२ साली झां रिशे नावाचा फ्रेंच ज्योतिषी विषुववृत्ताजवळच्या कायेन गावी गेला, तेव्हा पॅरिसला बरोबर चालणारे त्याचे घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटे मागे पडू लागले. कारण तिथे पृथ्वीची ओढ किंचित कमी आहे, आणि ओढ कमी झाली की लंबक सावकाश झुलतो. पण हा त्या यंत्राचा गुण झाला. शेजारी स्प्रिंगचे घड्याळ ठेवले असते तर त्याने लंबकाची चुगली केली असती. मला सांगायचे आहे ते याहून खोलातले. जिथे सगळी घड्याळे, मनगटाची नाडी, रुजणारे बी आणि दुधाला लागणारे विरजण, सगळेच एकदम सावकाश किंवा लवकर चालते, तिथे यंत्र बिघडले असे म्हणता येत नाही. तिथे काळच वेगळा चालला असे म्हणावे लागते.

आता हे शास्त्रज्ञांच्या डोक्यात आले कसे? त्याचे मूळ प्रकाशाच्या वेगात आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. चालत्या बैलगाडीतून पुढच्या दिशेने चेंडू फेकला तर चेंडूच्या वेगात गाडीचा वेग मिळतो. प्रकाशाचा वेगही पाहणाऱ्याच्या वेगाप्रमाणे कमी-जास्त दिसावा अशी अपेक्षा होती. १८८७ साली अमेरिकेत मायकेलसन आणि मोर्ले या दोघांनी अतिशय नाजूक उपकरणाने ते तपासले. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने धावते. तेव्हा तिच्या धावण्याच्या दिशेने जाणारा प्रकाश आणि आडवा जाणारा प्रकाश यांच्यात फरक दिसायला हवा होता. तो दिसला नाही.

१९०५ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न गावी, पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आल्बर्ट आइन्स्टाइनने निराळीच वाट धरली. तो म्हणाला, प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच दिसतो हे सरळ मान्य करा, आणि मग काय काय मान्य करावे लागते ते पाहा. आपणही तसेच करू. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हवे तर फळ्यावर आकृती काढावी. गणित फक्त पायथागोरसच्या सिद्धांताइतकेच लागेल.

अशी कल्पना करा की, एक आगगाडी रुळांवरून अगदी सरळ, धक्का न लागता चालली आहे. तिच्या डब्यात तळाला एक आरसा आहे आणि छताला एक. दोन्ही आरशांमध्ये प्रकाशाचा किरण खाली-वर ये-जा करतो आहे. किरण तळापासून छतापर्यंत गेला की एक ठोका. हे झाले आपले प्रकाशाचे घड्याळ. डब्यात बसलेल्या माणसाला किरण सरळ वर जाताना दिसतो. पण फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला तो तिरपा जाताना दिसेल, कारण किरण वर पोचेपर्यंत डबा पुढे सरकलेला असतो. आता काटकोन त्रिकोण काढा. उभी बाजू ४, आडवी बाजू ३, म्हणजे कर्ण ५. उभी बाजू ही डब्याची उंची. आडवी बाजू म्हणजे तेवढ्या वेळात डबा सरकला ते अंतर. आणि कर्ण हा फलाटावरून दिसलेला किरणाचा मार्ग.

डब्यातला माणूस म्हणतो, किरण ४ चालला. फलाटावरचा म्हणतो, ५ चालला. किरणाच्या जागी चेंडू असता तर फलाटावरच्याने म्हटले असते, ‘माझ्या दृष्टीने चेंडूचा वेग जास्त होता, वेळ तेवढाच लागला,’ आणि प्रकरण मिटले असते. पण प्रकाशाला ही पळवाट नाही. त्याचा वेग दोघांनाही सारखाच दिसतो. वेग सारखा आणि अंतर जास्त, मग वेळ जास्त लागलाच पाहिजे. म्हणून डब्यातल्या घड्याळात ४ मिनिटे होतात तेव्हा फलाटावरच्या घड्याळांत ५ मिनिटे झालेली असतात. अशा गाडीचा वेग किती? प्रकाश ५ चालतो तेव्हा ती ३ चालते, म्हणजे प्रकाशाच्या वेगाचे तीन पंचमांश, सेकंदाला एक लाख ऐंशी हजार किलोमीटर.

इथे कुणी चौकस विद्यार्थी विचारील, ‘गुरुजी, हे तुमच्या आरशांच्या घड्याळाचं झालं. प्रवाशाच्या मनगटावरचं घड्याळ कशाला सावकाश चालेल?’ प्रश्न उत्तम आहे. असे समजा की, मनगटावरचे घड्याळ सावकाश चालले नाही. मग डब्यातल्या माणसाला दोन घड्याळांत फरक दिसेल, आणि खिडक्या बंद असतानाही त्याला कळेल की आपली गाडी चालली आहे आणि किती वेगाने चालली आहे. पण गाडी सरळ, एकसारखी आणि विनाधक्का चालली असेल तर आतल्या कुठल्याच खटपटीने ते कळत नाही, हा गॅलिलिओपासूनचा अनुभव आहे. म्हणून मनगटावरचे घड्याळ, हृदयाचे ठोके, डब्यातल्या दुधाचे विरजण, सगळे त्याच मापाने सावकाश व्हायला हवे. आणि प्रवाशाला त्याचा पत्ताही लागायला नको, कारण त्याचा विचारही त्याच मापाने सावकाश चालतो.

आता तुम्ही म्हणाल, आमची एस. टी. रोज धावते, आम्हाला हे कधी दिसले नाही. हिशेब करून पाहू. एखाद्या ड्रायव्हरने तीस वर्षे, वर्षाचे तीनशे दिवस, रोज आठ तास, ताशी साठ किलोमीटरने गाडी हाकली असे धरा. निवृत्तीच्या दिवशी तो घरी बसलेल्या शेजाऱ्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे पंचवीस लाखाव्या भागाने तरुण असेल. पापणी लवायला याच्या लाखपटीहून अधिक वेळ लागतो! आपल्या पंचांगातले विपळ हे केवढे बारीक माप. साठ विपळांचे एक पळ, साठ पळांची एक घटिका. तरी एक विपळ म्हणजे सेकंदाचे दोन पंचमांश. हा फरक त्याच्याही लाखो पटींनी बारीक. म्हणूनच हजारो वर्षे तो कुणाच्या ध्यानात आला नाही.

पण निसर्गात काही प्रवासी फार वेगवान आहेत. अवकाशातून येणारे विश्वकिरण आपल्या हवेच्या वरच्या थरांवर आदळतात, तेव्हा म्युऑन नावाचे कण जन्मतात. हे कण बिचारे फार अल्पायुषी. त्यांचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सव्वादोन पट भरते. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सुमारे ६६० मीटरच जाईल. आणि यांना तर दहा-पंधरा किलोमीटर खाली यायचे असते. जुन्या हिशेबाने जमिनीवर जवळजवळ एकही पोचू नये. प्रत्यक्षात ते पोचतात. या घटकेलाही तुमच्या आमच्या अंगातून ते जात आहेत.

अमेरिकेत वॉशिंग्टन नावाच्या पर्वतावर, सुमारे १९०० मीटर उंचीवर, फ्रिश आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी असे कण मोजले आणि मग समुद्रसपाटीजवळ येऊन पुन्हा मोजले. त्यांचा प्रयोग १९६३ साली प्रसिद्ध झाला. डोंगरावर तासाला ५६० च्या आसपास कण मिळाले. काळ सगळ्यांना सारखाच असता तर खाली तीसच्या आतबाहेर मिळायला हवे होते. मिळाले ४०० हून अधिक. आपल्या दृष्टीने त्या कणांचे घड्याळ मंद चालले होते, म्हणून ते मरणाच्या आधी जमिनीवर पोचले.

ही झाली वेगाची गोष्ट. आता उंचीची.

आइन्स्टाइनला १९०७ साली एक विचार सुचला. छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचे वजन जाणवत नाही. उलट, अवकाशात दूर, जिथे कशाचीच ओढ नाही, तिथे एखादे अग्निबाण-यान वेग वाढवत वर निघाले तर आतल्या माणसाचे पाय तळाला दाबले जातात आणि त्याला वाटते, आपण जमिनीवरच उभे आहोत. वाढत्या वेगाचा परिणाम आणि पृथ्वीच्या ओढीचा परिणाम बंद खोलीत वेगळे ओळखता येत नाहीत. या विचाराचा विस्तार करून त्याने १९१५ साली गुरुत्वाकर्षणाची नवी उपपत्ती मांडली.

आता त्या यानाच्या तळाला एक जण बसवा. तो आपल्या घड्याळाप्रमाणे दर सेकंदाला दिव्याची एक उघडझाप करतो. छताजवळ दुसरा बसून ती मोजतो आहे. प्रकाश तळापासून छतापर्यंत जायला थोडा का होईना वेळ लागतो, आणि तेवढ्यात यानाचा वेग वाढलेला असतो. म्हणजे छत प्रकाशापासून आणखी जोराने दूर पळत असते. म्हणून वरच्याला उघडझाप एकेका सेकंदाने न दिसता, किंचित लांबलेल्या अंतराने दिसते. तो म्हणतो, ‘खालचं घड्याळ सावकाश चाललंय.’ यानात हे घडत असेल तर पृथ्वीवर उभ्या असलेल्या घरातही घडले पाहिजे, कारण दोन्ही ठिकाणची परिस्थिती सारखीच, असे आपण आत्ताच म्हटले. आणि घरात तर छप्पर पळत नाही. वाटेत एकही उघडझाप हरवत नाही. खाली हजार केल्या तर वर हजारच पोचतात, पण वरच्याच्या घड्याळाने अधिक वेळ घेऊन. मग याचा अर्थ एकच उरतो. तळमजल्यावरचा काळ माडीवरच्या काळापेक्षा सावकाश चालतो.

किती सावकाश? एक मीटर उंचावर ठेवलेले घड्याळ खालच्यापेक्षा एक सेकंद पुढे जायला जवळजवळ तीस कोटी वर्षे लागतील. एवढा बारीक फरक माणसाने मोजला, हे मला त्या सिद्धांताइतकेच अद्‌भुत वाटते. १९६० साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात पाउंड आणि रेब्का यांनी अवघ्या साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात लोखंडाच्या अणूंतून निघणाऱ्या किरणांचा उपयोग करून हा परिणाम पकडला. १९७१ च्या ऑक्टोबरात हाफेल आणि कीटिंग या दोघांनी सीझियम धातूच्या अणूंवर चालणारी चार घड्याळे घेतली, त्यांच्यासाठी साध्या प्रवासी विमानांची तिकिटे काढली आणि पृथ्वीप्रदक्षिणा केली, एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून.

पृथ्वी स्वतः पूर्वेकडे फिरते. त्यामुळे पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाचा वेग तिच्या वेगात मिळतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याचा वजा होतो. शिवाय दोन्ही विमाने उंचावर, म्हणून उंचीचा फायदा दोघांनाही. गणिताने आधी सांगितले होते की, पूर्वेकडची घड्याळे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाच्या सुमारे ४० पट मागे पडतील आणि पश्चिमेकडची २७५ पट पुढे जातील. परत आल्यावर जमिनीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिले तेव्हा पूर्वेची ५९ मागे होती आणि पश्चिमेची २७३ पुढे. चुकीला जेवढी जागा धरली होती तिच्या आतच हे आकडे बसले.

त्यानंतर घड्याळे सुधारत गेली. २०१० साली अमेरिकेतल्या बोल्डर शहरी एक घड्याळ दुसऱ्यापेक्षा फक्त फूटभर उंच ठेवून फरक मोजला गेला. २०२२ साली त्याच शहरात तो एका मिलिमीटरच्या उंचीलाही दिसला. म्हणजे आपल्या डोक्याचा काळ आणि पायाचा काळ वेगळा, हे आता बोलण्याचे अलंकार राहिलेले नाहीत. बोल्डरची उंची आपल्या कळसूबाईच्या शिखराइतकी, १६५० मीटरच्या आसपास आहे. तिथली घड्याळे समुद्रसपाटीच्या घड्याळांपेक्षा वर्षाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या पाच-सहा पट पुढे जातात. कळसूबाईवर घड्याळ ठेवले तर तेही तेवढेच पुढे जाईल. आपल्या ड्रायव्हरने तीस वर्षे गाडी हाकून जो काळ वाचवला, त्याच्या दसपटीहून अधिक काळ शिखरावर एका वर्षात पुढे निघून जातो.

‘असेल बुवा, पण आम्हाला शेतकऱ्यांना याचं काय?’ असे कुणी म्हणत असेल तर त्याचे उत्तर त्याच्या खिशात आहे. मोबाइलवर रस्ता दाखवणारी सोय, आडवाटेच्या वस्तीवर येणारी रुग्णवाहिका, समुद्रात गेलेल्या मच्छीमाराला आपली जागा सांगणारे यंत्र, आणि आता जमीनमोजणीला येणारे रोव्हर यंत्र, ही सगळी उपग्रहांवरच्या घड्याळांवर चालतात. उपग्रह सांगतो, ‘मी हा संदेश अमुक वेळी सोडला.’ खालचे यंत्र पाहते की तो कधी पोचला. मधल्या वेळाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की अंतर निघते. चार उपग्रहांची अंतरे मिळाली की आपली जागा ठरते.

अमेरिकेचे जी. पी. एस. चे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला जवळजवळ चार किलोमीटर वेगाने फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. उंचीमुळे ती ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. वजाबाकी करा, दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे. एवढेसे! पण एका मायक्रोसेकंदात प्रकाश तीनशे मीटर जातो. ही चूक तशीच साठू दिली तर अंतराच्या हिशेबात दिवसाला अकरा किलोमीटरची तफावत पडत जाईल. बांधावरून भावाभावांचे वितुष्ट येते तिथे फूटभर चूकही पुष्कळ झाली. मग अकरा किलोमीटरांचे काय घेऊन बसलात!

१९७७ साली या योजनेचा एक प्रायोगिक उपग्रह सोडला, तेव्हा काही जाणकारांनाही शंका होती की ही दुरुस्ती खरोखर लागेल का. म्हणून दुरुस्तीचे साधन उपग्रहात बसवले, पण आधी बंद ठेवले. वीस दिवस पाहिले. घड्याळ गणिताने सांगितले होते जवळजवळ तेवढेच पुढे पळत होते. तेव्हा दुरुस्ती सुरू केली. आता वर जाणारी घड्याळे जमिनीवर असतानाच मुद्दाम अंमळ सावकाश लावलेली असतात, म्हणजे वर गेल्यावर ती बरोबर चालतात. आपल्या देशाच्या ‘नाविक’ या व्यवस्थेचे उपग्रह आणखी वर, छत्तीस हजार किलोमीटरांच्या सुमारास आहेत. तिथे हा फरक दिवसाला ४६ मायक्रोसेकंदांच्या घरात जातो. मे २०२३ मध्ये सोडलेल्या त्यांच्या नव्या पिढीच्या पहिल्या उपग्रहात आपल्याच देशात तयार केलेले रुबिडियमचे अणुघड्याळ बसवलेले आहे.

माणसे कमी उंचीवरून फिरतात तिथे मात्र उलट होते. चारशे किलोमीटर उंचीवरच्या अवकाशस्थानकात उंचीचा परिणाम लहान आणि वेगाचा मोठा, म्हणून तिथला काळ दिवसाला सुमारे २५ मायक्रोसेकंद मागे पडतो. राकेश शर्मा १९८४ साली अवकाशात जवळजवळ आठ दिवस राहिले. ते परतले तेव्हा आपल्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे पाच हजाराव्या भागाने मागे होते. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला सुमारे वीस दिवस राहून आले. त्यांचा फरक सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास. अमेरिकेचे मार्क आणि स्कॉट केली हे तर जुळे भाऊ, मार्क सहा मिनिटांनी थोरला. स्कॉट २०१५-१६ मध्ये ३४० दिवस वर राहून आला, तेव्हा त्याचे धाकटेपण सेकंदाच्या आठ हजारांशांनी वाढले. इथे कुणी विचारील की, धावणाऱ्याला आपण स्थिर आणि बाकीचे जग धावते आहे असे वाटते, मग धाकटा कोण? त्याचे उत्तर असे की, दोघे पुन्हा एकत्र यायचे तर कुणीतरी वळावे लागते, परत फिरावे लागते. दोघांच्या वाटा सारख्या राहत नाहीत, म्हणून वयेही सारखी राहत नाहीत.

आता दोन गैरसमज. पहिला असा की, याने आयुष्य वाढेल. नाही वाढणार. यानातल्या माणसाचे घड्याळ सावकाश चालते, तसे त्याचे श्वास आणि घासही सावकाश चालतात. सत्तर वर्षांत जेवढे जगून होते तेवढेच त्याच्या पदरात पडते. पृथ्वीवर मधल्या काळात ऐंशी वर्षे गेली असतील, तर ती दहा वर्षे त्याला मिळत नाहीत. तो फक्त ती चुकवतो. त्या दहा वर्षांतली घरची लग्ने, बारशी आणि मर्तिके त्याच्यावाचून होऊन जातात.

दुसरा गैरसमज आपल्याकडे फार ऐकू येतो. भागवतात ककुद्मी राजाची कथा आहे. मुलगी रेवती हिला वर विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गायन चालले होते म्हणून जरा थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. ही कथा सांगून कुणी म्हणते, ‘बघा, आइन्स्टाइनचं सगळं आपल्याला आधीच ठाऊक होतं.’ मला वाटते, असे म्हणण्याने आपण कथेचा आणि शास्त्राचा, दोघांचाही मान कमी करतो. काळ सगळीकडे सारखा नसेल, ही कल्पना आपल्या पूर्वजांना सुचली, याचा आनंद जरूर मानावा. कल्पनेला भीड नसते, तिची धाव मोठी असते. पण किती वेगाला किती फरक, किती उंचीला किती फरक, हे सांगणे आणि मग ते मोजून दाखवणे हे शास्त्राचे काम. शास्त्राने आकडा आधी सांगितला आणि तो चुकला तर पडायची तयारी ठेवली. वर्गात कथा अवश्य सांगावी, पण हा भेदही मुलांना सांगावा.

आपल्या जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तिथे आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. दूरच्या स्पंदक ताऱ्यांचे अतिशय नियमित ठोके त्यांनी टिपले जातात. ते मोजताना तिथल्या शास्त्रज्ञांना एक गोष्ट नेहमी ध्यानात धरावी लागते. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते आणि अधिक वेगाने धावते, म्हणून आपली सगळ्यांचीच घड्याळे किंचित सावकाश चालतात. जुलैत ती किंचित लवकर चालतात. शेतातल्या बुजगावण्यापासून दिल्लीच्या अणुघड्याळापर्यंत सगळी पृथ्वीच सावकाश-लवकर चालते, म्हणून आपल्याला इथल्या इथे ते दिसत नाही. दूरच्या ताऱ्याशी ताडून पाहिले तर दिसते.

मग खरी वेळ कोणती? ज्याच्या-त्याच्या जागी, ज्याच्या-त्याच्या वाटेवर, ज्याचे-त्याचे चांगले घड्याळ दाखवते ती त्याच्यापुरती खरी. डोंगरावरच्याची खरी आणि कोकणपट्टीतल्याचीही खरी. सगळ्या जगाचे मिळून एकच मूळ घड्याळ कुठे टांगलेले नाही. मग रेडिओची वेळ खोटी का? मुळीच नाही. ती आपल्या सगळ्यांचा करार आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली घड्याळे आपल्या देशाची वेळ राखतात. देशोदेशीच्या प्रयोगशाळांतल्या शेकडो अणुघड्याळांची सरासरी काढून जगाची वेळ ठरते, आणि त्यात प्रत्येक घड्याळ किती उंचीवर आहे हे पाहून, ते समुद्रसपाटीवर असते तर कसे चालले असते असा हिशेब १९७७ पासून केला जातो. गावकीत प्रत्येकाचे माप थोडे वेगळे असले तरी बाजारासाठी एक माप ठरवतात, तसेच हे.

शिक्षकांना शेवटी एवढेच सुचवतो. ३, ४, ५ चा त्रिकोण सातवी-आठवीच्या मुलांना येतो. तो फळ्यावर काढा, डब्यातला किरण आणि फलाटावरचा माणूस त्यावर दाखवा, आणि उत्तर मुलांनाच काढू द्या. एखादे मूल म्हणेल, ‘हे पटत नाही.’ त्याला गप्प करू नका. ‘पटत नाही ना? मग कुठली पायरी चुकली ते दाखव,’ असे म्हणा. पायरी चुकलेली नाही असे त्याला स्वतःला दिसले, म्हणजे मनाला न पटणारी गोष्टही खरी असू शकते आणि ती तपासता येते, हे त्याला कळेल. या विषयातली आकडेमोड ते पुढे विसरले तरी चालेल, हे मात्र ते विसरणार नाही.